पहिल्या शोधकाचा वाटा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील तळघरांत शिंदे घराण्याने साठवलेल्या धनाला गंगाजळी म्हणत. युद्ध, दुष्काळ किंवा राज्यावरचे संकट यांसाठी ते राखून ठेवलेले असे. प्रथा अशी सांगितली जाते की एक तळघर भरले की ते बंद करायचे, वरून भिंत सारखी करून टाकायची आणि त्या जागेची सांकेतिक खूण, म्हणजे बीजक, फक्त गादीवर बसलेल्या महाराजांना ठाऊक असायचे. योग्य वेळी बापाने ते मुलाला सांगायचे. कागदावर काही नाही, कारभाऱ्याला काही माहीत नाही. चोरापासून हा बंदोबस्त चांगला होता. पण बाप अवेळी गेला तर वारसाचीही गत चोरासारखीच व्हायची.

जयाजीराव शिंद्यांच्या बाबतीत नेमके तेच घडले. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी लक्ष्मीबाई यांच्या फौजांपुढे त्यांचा पराभव झाला आणि ते आग्र्याला निघून गेले. खजिनदार अमरचंद बांठिया यांनी संस्थानचा उघड खजिना बंडवाल्यांच्या सैन्याला खुला केला. त्याबद्दल इंग्रजांनी २२ जूनला त्यांना ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील सराफ्यात फाशी दिली. गंगाजळी मात्र कोणाच्या हाती लागली नाही, असे ग्वाल्हेरकर सांगतात. बंड मोडल्यावर किल्ल्यात इंग्रजी पलटण बसली ती अठ्ठावीस वर्षे. मालक खाली जयविलास राजवाड्यात, धन वर परक्या पहाऱ्यात. अखेर झाशी इंग्रजांना देऊन त्या बदल्यात शिंद्यांनी किल्ला परत घेतला, आणि थोड्याच काळात, २० जून १८८६ रोजी, जयाजीराव वारले. मुलगा माधवराव तेव्हा नऊ वर्षांचा होता. बीजक त्याला सांगायचे राहून गेले.

पुढची हकीकत इतिहास कमी आणि घराण्यातली कथा जास्त आहे. एका वृद्ध ज्योतिषाने तरुण माधवरावांना तळघराकडे नेण्याचे कबूल केले. अट अशी की महाराजांनी एकटे यायचे. अंधारात मागून कोणी येते आहे असा भास होऊन महाराजांनी वार केला आणि वाटाड्याच मारला गेला. कित्येक दिवसांनी जिन्यावर त्यांचा पाय घसरला, तोल सावरायला धरलेला खांब फिरला आणि एक तळघर उघडले. कथेचा कोणता भाग खरा आणि कोणता रंगवलेला, हे ठरवण्याचे कारण नाही. त्या काळाच्या मनात वाट दाखवणाऱ्याची जागा कुठे होती, तेवढे तिच्यातून पुरेसे कळते. नक्की आहे ते एवढे की, माधवरावांनी पैसा पुरून ठेवण्याचा घराण्याचा शिरस्ता सोडला. त्यांनी अरुंद मापाची रेल्वे वाढवली, कारखान्यांना भांडवल दिले, आणि टाटांच्या साकचीच्या पोलाद कारखान्याला खेळते भांडवल हवे होते तेव्हा चार लाख पौंडांचे सगळे कर्जरोखे एकट्यांनी उचलले.

संस्थानाबाहेर, ब्रिटिश हिंदुस्थानात, शोधकाचा वाटा १८७८ च्या निखात निधी कायद्याने ठरवून टाकला होता. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की सापडणाऱ्याने ती कलेक्टरला कळवायची. कलेक्टर जाहीरनामा काढतो आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांच्या मुदतीत बोलावतो. कोणी धनी निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधकाचे, एक चतुर्थांश जागेच्या मालकाचे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घ्यावी लागते. लपवून ठेवणाऱ्याचा मात्र वाटा बुडतो आणि शिवाय वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. कायदा रुक्ष आहे, पण एक गोष्ट त्याने बरोबर हेरली: शोधकाचे बक्षीस खड्ड्यातून परस्पर उचलायचे नाही, ते नोंद झाल्यावर, चारचौघांदेखत मिळायचे.

असे कळवले गेल्याने काय वाचते याची महाराष्ट्रात ठळक उदाहरणे आहेत. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबीला क्षहरात राजा नहपानाच्या १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. सातवाहनांनी क्षहरातांना जिंकल्याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. चांदी म्हणून हा साठा सोनाराच्या मुशीत गेला असता, तर त्याची किंमत काही शेर धातूएवढीच राहिली असती. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एक शेतकरी झुडपाचे मूळ खणत होता. त्याच्या कुदळीखाली काशाच्या चार भरीव वस्तू आल्या: बैल जुंपलेला आणि माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने त्या ताब्यात घेतल्या. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचे मतभेद आहेत, तरी दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगाची चर्चा त्यांच्यावाचून होत नाही.

दडलेले धन शोधण्याच्या ओढीची काळी बाजूही इथलीच. गुप्तधनाच्या लोभाने नरबळीपर्यंत गेलेली प्रकरणे महाराष्ट्राला अपरिचित नाहीत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मुद्दाम पैसे लपवून लोकांना शोधायला लावणे हा प्रकार वृत्तपत्रांनी रूढ केला. १९०४ च्या सुरुवातीला लंडनच्या ‘वीकली डिस्पॅच’ने सार्वजनिक जागी बिल्ले दडवले, बिल्ला आणून दिला की रोख रक्कम. लोकांनी बागा आणि रस्त्यांच्या कडा उकरल्या, आणि प्रकरण पोलीस-कोर्टापर्यंत गेले. बक्षीस कचेरीत होते, तरी जागेचे हाल चुकले नाहीत. १९७९ मध्ये किट विल्यम्स या चित्रकाराने ‘मास्करेड’ या पुस्तकातल्या चित्रांत कोडे घालून सोन्याचा ससा जमिनीत पुरला. १९८२ मध्ये तो ‘सापडला’. शोधकाने कोडे सोडवलेच नव्हते, विल्यम्सच्या जुन्या मैत्रिणीकडून कळलेल्या माहितीवर तो तिथे पोहोचला होता, हे १९८८ मध्ये उघडकीला आले. अमेरिकेत फॉरेस्ट फेन याने रॉकी पर्वतात ठेवलेली पेटी २०२० मध्ये वायोमिंगमध्ये मिळाली. त्याआधी तिच्या शोधात निदान पाच जणांचा जीव गेला होता.

जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधण्याचा खेळ, या परंपरेत उशिरा आला आणि तिच्यातून बराचसा बाहेरही पडला. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि हातातल्या यंत्राने काही मीटरपर्यंत जागा कळू लागली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मरने ओरेगॉनमधील बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत पुस्तके, संगणकाच्या चकत्या, गलोल, घेवड्याचा डबा आणि थोडे पैसेही होते. म्हणजे रोख रक्कम पहिल्याच डब्यात होती. पण खेळ वाढला तो पैशांवर नव्हे, सोबत घातलेल्या नियमावर: काही घ्याल तर तोलाचे काही ठेवा आणि वहीत नाव लिहा. पुढे आणखी बंधने आली. डबा जमिनीत पुरायचा नाही, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची, धंद्याची जाहिरात करायची नाही. १९०४ च्या लंडनकरांना जे उकरावे लागले, ते जीपीएसमुळे उकरावे लागत नाही, आणि नियमही ते करू देत नाही.

नव्या डब्याची खबर लागताच सर्वांआधी पोहोचण्याची चढाओढ यात असतेच. काही जण पहिल्यासाठी नाणे, लॉटरीचे तिकीट किंवा एखादी नोट ठेवतात. रोख बक्षिसाची बाजू घेणारे म्हणतात की त्याने दूरचा डबाही लवकर शोधला जातो. ते खरे आहे, पण तो फायदा एकदाच होतो. नोट गेल्यावर दुसऱ्याला जे उरते ते आधीच रिकामे झालेले, आणि ती कोणी नेली याचा पुरावा डब्यात राहत नाही. वहीत पहिले नाव लिहिणारा आणि नोट उचलणारा एकच असेल याची हमी नसते.

ग्वाल्हेरच्या थाटीपूर भागातील दर्पण कॉलनीसारख्या वस्तीत हा घोळ आणखी वाढेल. बागेच्या कुंपणाशी किंवा विजेच्या खांबामागे ठेवलेला डबा सगळ्यांत आधी जीपीएसवाल्याला दिसत नाही; तो पहाटे झाडू मारणाऱ्याला दिसतो, नाहीतर चेंडू आणायला गेलेल्या पोराला. त्यांनी नोट घेतली तर त्यांना चोर म्हणता येणार नाही. १८७८ चा कायदा जमिनीत दडलेल्या वस्तूंपुरता असला, तरी त्याच्या भाषेत तेच शोधक, कारण शोधायला निघालेला आणि सहज सापडलेला असा भेद तो कायदा करत नाही. शिवाय बेवारस डबा दिसला की पोलिसांना कळवावे, असे आपल्याकडे प्रत्येक रेल्वे स्थानकावर ऐकवले जाते. किल्ल्यावर असा डबा ठेवणे तर नकोच, कारण ते संरक्षित स्मारक आहे आणि तिथे धनाची नुसती अफवाही दगड उकरायला पुरते.

बक्षीस द्यायचेच असेल, तर डब्यात एक क्रमांकाची चिठ्ठी पुरेशी आहे. डब्यावर खेळाचे नाव आणि ठेवणाऱ्याचा फोन असावा, कॉलनीच्या समितीला आधी सांगितलेले असावे, आणि चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला, मग तो झाडूवाला का असेना, वहीत नाव लिहून बक्षीस द्यावे. रक्कम चहा-कचोरीपुरती ठेवली तर भिंतीवर चढायचा खटाटोप कोणी करणार नाही.