वाहकाच्या पायऱ्या आणि अधिकाऱ्याची खुर्ची

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत व्यायामाचा विषय निघाला की आखाडा, मलखांब आणि द. चिं. मजुमदार यांनी संपादिलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड आठवतात. तो अभिमान योग्यच आहे. परंतु आम्हा बैठी नोकरी केलेल्यांना अधिक शिकवणारा अध्याय लंडनच्या दुमजली बसमध्ये लिहिला गेला.

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी तेथील हजारो बसचालक व वाहक यांची तुलना ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली. गाडी एक, सामाजिक थरही एक. मात्र चालक दिवसभर बसून असे आणि वाहक रोज पाचशेहून अधिक पायऱ्या चढे. हृदयविकार वाहकांत कमी आढळला.

मुळात सुदृढ माणसेच वाहक होत असतील, तर? मॉरिस यांनी ही शंका डावलली नाही. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर तरुण वयातही मोठा निघाला. म्हणून पुढे त्यांनी एकाच प्रकारचे टेबलकाम करणारे सुमारे १७ हजार सरकारी अधिकारी निवडले आणि त्यांच्या फावल्या वेळाचा हिशेब घेतला. दमदार व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण एक तृतीयांश आढळला. हा निष्कर्ष १९७३ चा.

दरम्यान १९६८ साली अमेरिकेच्या हवाई दलातील डॉ. केनेथ कूपर यांच्या पुस्तकाने ‘एरोबिक्स’ हा शब्द रूढ केला. तत्त्व साधे आहे. पायांसारखे मोठे स्नायू काही काळ सलग हलले की प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण होते. नित्य सवयीने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते, नाडी संथ होते, रक्तदाब व साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सुचविले. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही त्याची खूण.

आमच्या कचेरीत फायली घेऊन दिवसभर जिने चढणारा शिपाई हा वाहक होता; घंटी वाजवून त्याला बोलावणारे आम्ही चालक. पदोन्नतीने आमची खुर्ची मोठी होत गेली आणि पावले कमी. निवृत्त झालेल्यांना आता वेळेची सबब उरलेली नाही. वैद्यांचा सल्ला घेऊन, हळूहळू वाढवत, रोज अर्धा तास कमाटीबागेत चालणे आम्हांस जमण्याजोगे आहे.