शुक्रावरून आलेली २३ मिनिटांची कुजबुज

१/ १५ डिसेंबर १९७०. सोव्हिएत संघाच्या ‘व्हेनेरा-७’ यानाची कुपी शुक्राच्या वातावरणातून खाली उतरत होती. एकाएकी तिचा संदेश थांबला. मोहीम आटोपली, असेच पृथ्वीवर वाटले.

२/ अशा शांततेचा अनुभव नवा नव्हता. १९६७ मध्ये ‘व्हेनेरा-४’ पृष्ठभागावर पोहोचल्याचा दावा झाला होता. वस्तुतः संदेश थांबला तेव्हा ते सुमारे २५ किलोमीटर उंचीवर होते. मे १९६९ मध्ये ‘व्हेनेरा-५’ आणि ‘६’ ही यानेही वाटेतच दाबाखाली चिरडली गेली.

३/ तळाशी दाब नेमका किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून गिऑर्गी बाबाकिन यांच्या संस्थेने टायटॅनियमची कुपी घडवली. पृथ्वीवरील हवेच्या १८० पट दाब आणि ५४० अंश सेल्सिअस तापमान सोसण्याची तिची क्षमता होती. या भक्कमपणाची किंमत मोजावी लागली : वजन कवचातच खर्ची पडले आणि उपकरणे मोजकीच नेता आली.

४/ उष्णतेशी झुंजण्यासाठी कुपी प्रवेशापूर्वी उणे ८ अंशांपर्यंत थंड केली होती. पण उतरताना हवाईछत्री फाटली आणि कुपी ताशी सुमारे ६० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळली.

५/ पृथ्वीवरील ध्वनिफिती मात्र फिरतच राहिल्या होत्या. पुढे त्या बारकाईने तपासताना गोंगाटात दडलेला एक संदेश सापडला. त्याची तीव्रता मूळ संदेशाच्या जेमतेम एक टक्का होती, पण तो २३ मिनिटे टिकला होता. कुपी बहुधा कलंडली होती आणि तिच्या अँटेनाचे तोंड पृथ्वीकडे राहिले नव्हते.

६/ आतील एक स्विच अडकल्यामुळे त्यातून फक्त तापमान कळत होते : सुमारे ४७५ अंश. शिसे ३२७ अंशांनाच वितळते! हा आकडा बदलत नव्हता, म्हणजे कुपी जमिनीवर स्थिर होती. तापमान आणि पडण्याचा वेग यांवरून तेथील दाबाचे गणित मांडले गेले. उत्तर आले सुमारे ९० पट.

७/ परग्रहाच्या पृष्ठभागावरून पृथ्वीवर पोहोचलेली ही पहिली माहिती. खरा दाब कळल्यामुळे १९७२ च्या ‘व्हेनेरा-८’चे कवच हलके करता आले आणि वाचलेल्या वजनात अधिक उपकरणे बसली, त्यांत प्रकाशमापकही होता. त्याने पृष्ठभागापर्यंत पुरेसा उजेड पोहोचतो हे दाखवले आणि १९७५ मध्ये ‘व्हेनेरा-९’ने तेथील पहिले छायाचित्र पाठवले. त्या छायाचित्राची वाट संपली म्हणून सोडून न दिलेल्या ध्वनिफितींतून गेली होती.