'हॉथॉर्न परिणाम' : एका संज्ञेचा पूर्वेतिहास

आपले निरीक्षण होत आहे या जाणिवेनेच माणसाचे वर्तन पालटते, असा 'हॉथॉर्न परिणाम' या संज्ञेचा अर्थ सांगितला जातो. संज्ञा एकदा रूढ झाली की तिच्यामागील घटना तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. म्हणूनच त्या घटनांकडे पुन्हा वळणे इष्ट होय.

शिकागोनजीक सिसरो येथे असलेल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ साली प्रकाश आणि उत्पादन यांचा संबंध तपासण्यास आरंभ झाला. त्यातून निश्चित निष्कर्ष निघेना. तेव्हा १९२७ च्या एप्रिलमध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच स्त्रियांना व त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या एकीला स्वतंत्र खोलीत बसविण्यात आले. विश्रांती, अल्पोपहार व कामाचे तास यांत क्रमाने बदल होत गेले आणि उत्पादन सामान्यतः वाढत राहिले. एल्टन मेयो प्रभृतींनी या वाढीचे श्रेय मुख्यतः गटातील जिव्हाळ्यास व सौम्य देखरेखीस दिले.

तथापि दोन गोष्टी दृष्टीआड करता येत नाहीत. पहिली अशी की, पूर्वी मोठ्या विभागाच्या एकूण उत्पादनावर अवलंबून असलेली या स्त्रियांची मिळकत आता त्या लहानशा गटाच्याच उत्पादनावर ठरू लागली. दुसरी अशी की, फार बोलतात व सहकार्य करीत नाहीत या कारणास्तव दोघींना १९२८ च्या जानेवारीत खोलीबाहेर काढण्यात आले व त्यांच्या जागी अधिक चपळ कामगार आल्या. रोथलिसबर्गर व डिक्सन यांच्या १९३९ च्या ग्रंथात या दोन्ही गोष्टींची नोंद आहे. १९६७ मध्ये अ‍ॅलेक्स केरी यांनी त्यांवरच आपल्या आक्षेपांचा भर ठेवला.

त्याच १९२८ साली कारखान्यात कामगारांच्या मुलाखती सुरू झाल्या. पुढे ठरीव प्रश्न सोडून कामगारास स्वेच्छेने बोलू देण्याची पद्धत स्वीकारली गेली आणि सुमारे २१,००० मुलाखती झाल्या. एकाच कारखान्यात, एकाच वर्षी, कामगाराचे बोलणे एका ठिकाणी दोष ठरले, तर दुसऱ्या ठिकाणी पुरावा. हा भेद उक्तीत नसून ऐकणाऱ्याच्या प्रयोजनात होता, हे भाषाभ्यासकाने लक्षात घ्यावयास हवे.

१९३१-३२ मधील तारजोडणीच्या खोलीचा दाखला तर संज्ञेच्या थेट विरुद्ध जातो. तेथे चौदा पुरुषांवर निरीक्षकाची नजर महिनोन्‌महिने होती. परंतु उत्पादन वाढले नाही. दिवसाचे काम किती, हे गटानेच ठरविले होते. मर्यादा ओलांडणाऱ्यास टोपणनावे व दंडावर ठोसा मिळे. अधिक काम केल्यास दर उतरतील किंवा सोबत्यांची नोकरी जाईल, अशी भीती होती. आणि मंदीच्या त्या काळात ती सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही.

सारांश, ज्या कारखान्याचे नाव या संज्ञेला मिळाले, त्याच्याच इतिहासाला ती पुरी पडत नाही. 'परिणाम' म्हटले की कामगार केवळ प्रतिक्रिया देणारा ठरतो. मिळकतीचा हिशेब करणारा, धोका ओळखणारा आणि बोलल्याबद्दल बाहेर काढला जाणारा माणूस त्या शब्दाआड लपतो.