समितीला प्रश्न विचारणे म्हणजे समाजद्रोह नव्हे : कोसंबी, वाँटेज आणि दीक्षाभूमी

हिंगणा तालुक्यातल्या एका विहारातला हा प्रसंग आहे. वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. वाचन आटोपल्यावर एका ज्येष्ठ आईने उभे राहून विचारले, "बुद्ध पौर्णिमेला वर्गणी गोळा झाली, तिचा हिशोब कधी सांगाल?" समितीच्या एका पदाधिकाऱ्याने तिथल्या तिथे उत्तर दिले, "बाई, तुम्ही वंदना घ्या, हिशोबाचं आमच्यावर सोडा." काही लोक हसले. पुढच्या आठवड्यापासून त्या आईला वाचनाला बोलावणे बंद झाले. तिच्या बाजूने बोलणारी दोन पोरे 'फुटीर' ठरली.

आम्ही तिथे होतो आणि त्या दिवशी आम्हीही गप्प बसलो. हा लेख त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य नेहमी कानावर पडते : "घरचे भांडण बाहेर नेऊ नका, विरोधकांना आयते कोलीत मिळते." वाक्य समाजहिताचे वाटते. पण ते कोण म्हणतो आणि कधी म्हणतो, हे पाहा. ज्याच्या हातात किल्ली, पावतीपुस्तक आणि माइक आहे तोच ते म्हणतो, आणि हिशोब मागितला गेला की म्हणतो. म्हणून इतिहासालाच विचारू या : धर्मसंस्थेतल्या सामान्य माणसाने पुढाऱ्याला जाब विचारला, तेव्हा धर्म बुडाला की सुधारला?

सुरुवात आपल्याच घरापासून करू. विनयपिटकात कोसंबीच्या भांडणाची हकीकत आहे. घोषितारामातले भिक्खू एका क्षुल्लक नियमभंगावरून दोन गटांत फुटले. खुद्द तथागतांनी समजावले, तरी ऐकेनात. शेवटी बुद्ध त्यांना सोडून पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी काय केले? त्यांनी ठरवले की या भिक्खूंना वंदन करायचे नाही, उठून मान द्यायचा नाही आणि भिक्षाही घालायची नाही. पोटाला चिमटा बसला तसे दोन्ही गट ताळ्यावर आले, श्रावस्तीला बुद्धांकडे गेले आणि वाद मिटला. बुद्धांनी त्या उपासकांना संघद्रोही ठरवल्याचे विनयात कुठेही नाही.

दुसरी हकीकत चित्त गृहपतीची. मच्छिकासंड इथे सुधम्म नावाचा भिक्खू चित्ताच्याच आश्रयाने राहत होता. आपल्याला आधी न विचारता चित्ताने सारिपुत्त, मोग्गल्लान अशा थेरांना भोजनाचे निमंत्रण दिले, याचा त्याला राग आला. त्याने चित्ताला त्याच्या घराण्याच्या तिळाच्या धंद्यावरून टोमणा मारला. आजच्या भाषेत सांगायचे तर लायकी काढली. प्रकरण बुद्धांपर्यंत गेले. बुद्धांनी सुधम्माला दोषी धरले आणि त्या गृहस्थाची क्षमा मागायला लावली. विनयात यासाठी 'पटिसारणीय कम्म' नावाची रीतसर प्रक्रियाच आहे. अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात तर आणखी स्पष्ट सांगितले आहे. जो भिक्खू उपासकांचे नुकसान करू पाहतो, त्यांचा अपमान करतो, त्यांच्यात फूट पाडतो, त्याच्याविषयी उपासक उघडपणे अविश्वास जाहीर करू शकतात. म्हणजे अविश्वासाचा ठराव आपण पाश्चात्त्यांकडून उसना घेतलेला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हेच सांगितले होते. ठराव, गणसंख्या, गुप्त मतदान, निषेधाचा ठराव हे सारे भिक्खू संघाला ठाऊक होते, आपण ते गमावले. त्याच भाषणात त्यांनी बजावले की धर्मातली भक्ती आत्म्याला तारेलही, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते.

आता चर्चकडे वळू. धर्मांतर करून गेलेल्या माणसाला नवीन पुरोहित भेटतो, तेव्हा काय करायचे, हा प्रश्न आपल्याआधी महाराष्ट्रातल्या एका बाईसमोर उभा राहिला होता. ती म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा, चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला. ब्राह्मण्याच्या चौकटीबाहेर बंगालच्या बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न, दोनच वर्षांत वैधव्य, पदरात लहान मुलगी. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी मुलीसह अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. पुण्यातल्या सनातन्यांनी गहजब केला. त्या गहजबात रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले महात्मा जोतीराव फुले. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी त्यांची बाजू घेतली.

पण लढाई तिथे संपली नाही. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात बाईचे वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंनी कळवले की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्यानेही कधी अशी आडकाठी केली नव्हती. ज्यांच्या हाताखाली त्यांचे धर्मशिक्षण चालले होते, त्या सिस्टर जेराल्डीन यांना आज्ञाधारकपणा हवा होता. रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्तावर प्रश्न विचारत होत्या, बायबल स्वतः वाचून ठरवू म्हणत होत्या. त्यांनी पत्रात स्पष्टच लिहिले की भारतातल्या भटांचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, तसलेच दुसरे जू मी चढवून घेणार नाही. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. आपल्या तरुणांनी तो मुळातून वाचावा.

रमाबाईंच्या मर्यादा आम्हाला ठाऊक आहेत. १८८७ च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचा विषयच उच्चवर्णीय हिंदू स्त्री हा आहे, अस्पृश्य स्त्री त्याच्या केंद्रस्थानी नाही. पण त्यांनी बिशपांशी भांडून ख्रिस्त सोडला नाही. १८८९ मध्ये शारदा सदन उभे केले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच काम केले. कोसंबीच्या उपासकांनीही भिक्षा बंद केली, धम्म सोडला नाही. पुढाऱ्याला विरोध आणि धर्माला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच आहेत असे भासवणे, हीच पुढाऱ्याची सगळ्यात मोठी चलाखी असते.

आता दीक्षाभूमीकडे येऊ. १ जुलै २०२४ हा दिवस नागपूरकर विसरणार नाही. विकास आराखड्यात तिथे भूमिगत वाहनतळाचे काम सुरू झाले होते. स्तूपाला धोका होईल, या भीतीने हजारो अनुयायी जमले. हा आवाज शासनाविरुद्ध होता, तसाच आपल्याच स्मारक समितीविरुद्धही होता. त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांना विधिमंडळात कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या जमिनीवर लाखोंनी दीक्षा घेतली, ती जमीन कोणाची, याचे उत्तर लोकांनी दिले.

त्या दिवशी बांधकामाच्या साहित्याची जाळपोळही झाली आणि गुन्हे दाखल झाले. आमचे मत कोणाला आवडो न आवडो : राग रास्त होता, जाळपोळ नव्हती. १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी घटनात्मक मार्ग धरायला सांगितले होते. आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारला पाहिजे. खड्डा खोदला जाईपर्यंत आपण होतो कुठे? समितीने विचारले नाही हे खरे, पण वर्षानुवर्षे आपणही तिला काही विचारले नव्हते. रोजचे प्रश्न साचले की एक दिवस ते एकदम रस्त्यावर येतात.

"पण यामुळेच तर आपण फुटलो", असे काही ज्येष्ठ म्हणतात आणि रिपब्लिकन पक्षाचे उदाहरण देतात. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या त्या पक्षाचे किती गट झाले, ते मोजायला हाताची बोटे पुरत नाहीत. आमचे उत्तर असे की फूट प्रश्नांमुळे पडत नाही, प्रश्न दाबल्यामुळे पडते. आत जागा नसली की माणूस बाहेर जाऊन दुसरा फलक लावतो. १९७२ मध्ये दलित पँथर का जन्माला आली, हे आठवा.

मग करायचे काय? विहाराची समिती नोंदणीकृत न्यास असेल, तर तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. हिशोब ठेवणे आणि त्याची तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. विश्वस्त बदलले तर बदल अर्ज द्यावा लागतो. गैरकारभार करणाऱ्या विश्वस्ताला दूर करण्यासाठी कलम ४१ डी आहे, आणि न्यासात हितसंबंध असलेली व्यक्ती धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करू शकते. हा शेवटचा उपाय. पहिला उपाय साधा आहे : दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमाखर्च फळ्यावर लिहा, समितीत महिला घ्या, ठराव मतदानाने करा. नोंदणी नसेल तर आधी नोंदणी करा.

त्या आईकडे आम्ही नंतर गेलो, माफी मागितली. ती म्हणाली, "माफी नको बाबू, पुढच्या बैठकीत माझ्या बाजूला उभे राहा." आम्ही उभे राहणार आहोत. तुमच्या विहारातही अशी एखादी आई असेलच. ती उभी राहील तेव्हा तुम्ही हसणाऱ्यांत असाल की तिच्या बाजूला, एवढे आजच ठरवून ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!