कोळसा, केळी आणि किनाऱ्यावरचे काही तास

कॅरिबियन समुद्रात बंदरोबंदर फिरणारे क्रूझ जहाज सकाळी धक्क्याला लागते आणि बहुधा त्याच संध्याकाळी निघून जाते. या मधल्या सहा-आठ तासांसाठी प्रवाशांना जी ठरवलेली, आधीच तिकीट काढलेली फेरी विकली जाते, तिला ‘शोअर एक्सकर्शन’ म्हणजे किनाऱ्यावरची सहल असे नाव आहे. धबधबा, बांबूचा तराफा, जुना ऊसमळा, वनस्पतिउद्यान अशी यादी प्रवाशापुढे येते, आणि ही स्थळे सृष्टिसौंदर्याच्या कसोटीवर निवडली गेली असावीत असा त्याचा साहजिक समज होतो. जमैका बेटाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला असता मात्र ही निवड बव्हंशी मालवाहतुकीने केली असल्याचे आढळते. ज्या बंदरांतून केळी आणि पुढे बॉक्साइट परदेशी गेले, त्या बंदरांच्या आसपासची स्थळेच प्रेक्षणीय ठरली. बेटाच्या अंतर्भागातील तितकीच रम्य दऱ्याखोरी यादीबाहेर राहिली.

या प्रथेचे मूळ आगबोटींच्या कोळशात आहे. एकोणिसाव्या शतकात टपाल आणि उतारू वाहणाऱ्या बोटींना वाटेत कोळसा भरून घ्यावा लागे, आणि त्यासाठी तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेले सेंट थॉमस, सेंट लुशियाचे कॅस्ट्रीज, जमैकाचे किंग्स्टन ही बंदरे प्रसिद्ध होती. कोळसा भरण्याचे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करीत. डोक्यावर भरलेली टोपली घेऊन त्या फळीवरून बोटीवर चढत आणि रिकामी टोपली घेऊन उतरत. तेवढ्या वेळात धुरळा टाळण्यासाठी उतारू किनाऱ्यावर जात, किंवा कठड्यापाशी उभे राहून ते काम पाहत आणि पाण्यात नाणी फेकून ती बुडी मारून काढणाऱ्या मुलांची कसरत बघत. दुसऱ्याचे कष्ट हेच कॅरिबियन पर्यटनातील पहिले दृश्य होते, ही गोष्ट या इतिहासात विसरता येत नाही. ज्या स्त्रिया प्रवाशांना केवळ दृश्य वाटत होत्या, त्यांनी 1892 मध्ये सेंट थॉमसवर, किंमत घसरलेल्या मेक्सिकन चांदीच्या नाण्यांत मजुरी देण्याविरुद्ध संप केला. त्यांच्या पुढारी स्त्रीचे ‘क्वीन कोझाया’ हे नाव त्या बेटावर आजही आदराने घेतले जाते.

कोळशाने थांबा दिला, पण प्रवासी आणले ते केळ्यांनी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचा जहाज-कप्तान लोरेन्झो डाऊ बेकर याने 1870 मध्ये जमैकाहून केळ्यांचे घड नेऊन विकले, त्यात नफा झाला, आणि त्यातून 1885 मध्ये बोस्टन फ्रूट कंपनी व 1899 मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. केळी हा नाशवंत माल असल्यामुळे जहाजे वेगवान आणि वेळापत्रकाने बांधलेली असावी लागत. अमेरिकेकडे जाताना ती भरलेली असत, परंतु जमैकाकडे परतताना त्यांच्यात जागा रिकामी राही. ही रिकामी जागा थंडीला कंटाळलेल्या सुखवस्तू अमेरिकन प्रवाशांनी भरावी हा व्यापारी हिशेब होता, आणि त्याच हिशेबातून बेकरने ईशान्य किनाऱ्यावरील पोर्ट अँटोनियो येथे टिचफील्ड हॉटेल चालवले. उष्ण हवेत माल थंड राहावा म्हणून पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या युनायटेड फ्रूटच्या या जहाजांना पुढे ‘ग्रेट व्हाइट फ्लीट’, म्हणजे थोर धवल ताफा, असे नाव मिळाले. रात्री कंदिलांच्या उजेडात केळ्यांचे घड डोक्यावरून वाहणाऱ्या मजुरांची रांग आणि प्रत्येक घड मोजणारा कारकून हे दृश्यही पाहुण्यांच्या कार्यक्रमात आले.

दक्षिणेकडील राजधानी किंग्स्टन येथे 1891 मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाने सरकारला हॉटेले बांधण्यास प्रवृत्त केले, आणि तेथून घोडागाडीने एका दिवसात जाऊन येण्याजोगी कॅसलटन वनस्पतिउद्यान, रिओ कोब्रे नदीची घळ आणि स्पॅनिश टाउन ही ठिकाणे ठरून गेली. याच काळात छापील चित्रपत्रांनी बेटाची एक प्रतिमा घडवली. त्या चित्रांत गिरमिटिया भारतीयही आहेत: पाच वर्षांच्या करारावर नेलेल्या या मजुरांचे पहिले जहाज ‘ब्लंडेल’ 1845 मध्ये जमैकाला पोहोचले होते, आणि अर्ध्या शतकानंतर त्यांच्या स्त्रियांची दागिने घातलेली छायाचित्रे ‘कुली’ या शब्दासह प्रवाशांना विकली जात होती. निव्वळ सहलीसाठी बांधलेले पहिले मोठे जहाज मानले जाते ते हँबुर्ग-अमेरिका कंपनीचे ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हेही याच किनाऱ्याला येई. डिसेंबर 1906 मध्ये ते किंग्स्टनच्या तोंडाशी खडकांवर चढले आणि नष्ट झाले. प्रवासी वाचले, पण कप्तानाने स्वतःचे जीवन संपवले. पुढच्याच महिन्यात, 14 जानेवारी 1907 रोजी, भूकंप आणि आगीने किंग्स्टन शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला.

मालाच्या वाटेची सहलीची वाट कशी झाली हे सर्वांत स्पष्ट दिसते ते पोर्ट अँटोनियोजवळच्या रिओ ग्रांदे नदीवर. या नदीच्या वरच्या खोऱ्यातील केळी समुद्राकडे आणण्यासाठी शेतकरी बांबूचे लांब, अरुंद तराफे वापरीत. पुढे उभा राहून एक माणूस लांब काठीने तळाला रेटा देत तराफा उथळ, खळाळत्या पाण्यातून काढीत असे. पनामा रोगाने व वादळांनी केळीचा धंदा खालावला आणि मालमोटारी आल्या, तेव्हा हे कसब निरुपयोगी होण्याच्या मार्गावर होते. 1946 मध्ये आपल्या नौकेसह जमैकाला आलेला चित्रपट-अभिनेता एरॉल फ्लिन या तराफ्यांच्या प्रेमात पडला, त्याने मित्रांसाठी शर्यती आणि चांदण्यातील फेऱ्या योजल्या, आणि तराफ्याच्या मागच्या भागात दोन माणसांची बैठक बसवली गेली. श्रेय बहुधा फ्लिनला दिले जाते, ते अपुरे आहे. नदीचे वळण न् वळण, कोणता भोवरा कोणत्या पावसानंतर धोकादायक होतो हे ज्ञान तराफेवाल्यांचे होते, आणि सहल म्हणून विकले गेले ते तेच. आजही बेरीडेलपासून समुद्राजवळील सेंट मार्गारेट्स बेपर्यंत ही फेरी अडीच-तीन तास चालते आणि तराफा चालवणाऱ्याला ‘कॅप्टन’ म्हणतात.

डिसेंबर 1966 मध्ये मायामीहून ‘सनवर्ड’ जहाजाच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्यावर क्रूझचा धंदा वेगाने वाढला, आणि जमैकात त्याचा केंद्रबिंदू उत्तर किनाऱ्यावरील ओचो रिओस येथे सरकला. याचेही कारण खनिज होते: अॅल्युमिनियमचे मूळ खनिज असलेल्या बॉक्साइटची जमैकातून होणारी निर्यात 1952 मध्ये याच मच्छीमार गावाच्या धक्क्यावरून सुरू झाली होती. जेथे खोल पाण्याचा धक्का, तेथे मोठे जहाज. आणि जेथे जहाज, तेथून अर्ध्या तासाच्या आत जे असेल ते प्रेक्षणीय. जवळचा डन्स रिव्हर धबधबा या नियमात अचूक बसला. सुमारे 600 फूट लांबीच्या पायऱ्यापायऱ्यांनी तो थेट समुद्राला मिळतो, त्यामुळे पर्यटक खालून वर चढू शकतात, आणि वाटाड्यामागे हातात हात धरून साखळी केली की मोठा गट ठरलेल्या वेळात वर नेता येतो. त्याची कीर्ती सौंदर्यामुळे आहे तितकीच या वेळेच्या शिस्तीमुळेही आहे.

या साऱ्या व्यवस्थेत पैशाची वाट मात्र बदलली. केळीच्या काळात प्रवासी धक्क्यावर उतरून गाडीवानाशी स्वतः भाडे ठरवीत असे. आता सहल जहाजावरच विकली जाते, आणि तिकिटाचा लक्षणीय भाग जहाज कंपनी स्वतःकडे ठेवते. पुढचे पाऊल म्हणजे बेटच टाळणे: 1977 मध्ये एका नॉर्वेजियन कंपनीने बहामातील ग्रेट स्टिरप के हे छोटे बेट केवळ आपल्या प्रवाशांसाठी घेतले, आणि इतरांनी तोच मार्ग धरला. जमैकातील फालमथ येथे 2011 मध्ये प्रचंड जहाजांसाठी नवे बंदर उघडले, तेव्हा धक्क्याच्या आवारातच दुकाने बांधली गेली आणि बसगाड्या प्रवाशांना तेथूनच दूरच्या स्थळांकडे नेऊ लागल्या. 1769 मध्ये वसलेले हे गाव गुलामांच्या श्रमावर चाललेल्या साखरव्यापाराचे मोठे बंदर होते, त्याच्या जॉर्जियन शैलीतील इमारती बऱ्याच अंशी टिकून आहेत, आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्यम निब या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाचे कार्यक्षेत्रही हेच. जमैकाचा इतिहास जाणून घेण्यासाठी यादीतील कोणत्याही धबधब्यापेक्षा हे गाव अधिक मोलाचे आहे. ते आवाराच्या फाटकापासून चालत काही मिनिटांवर आहे, त्याला तिकीट लागत नाही, आणि फालमथला उतरणाऱ्या प्रवाशाने बसमध्ये बसण्याआधी निदान एक तास त्याला द्यावा.