मालकच नाही, मग दार कोण लावणार?

आजच्या भागाची सुरुवात एका फोटोपासून करूया. साल १९३६, जर्मनीतलं हॅम्बर्ग. गोदीतली गर्दी हात पुढे करून नाझी सलाम ठोकतेय आणि त्यात एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांनी ट्विटरवर हाच फोटो कव्हरला लावला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये ट्विटरनं त्यांचं खातं बंद केलं. कारण काय, तर द्वेष पसरवणारं चित्र! नाझींना नकार देणाऱ्याचाच फोटो नियमात सापडला. लोक भडकले आणि नोव्हेंबरमध्ये आपल्याकडचे बरेच जण मास्टोडॉनवर गेले.

मास्टोडॉन हे युजेन रोचको या जर्मनीतल्या प्रोग्रॅमरनं २०१६ मध्ये आणलेलं सॉफ्टवेअर. ईमेलसारखं समजा. तुमचं खातं एका सर्व्हरवर, माझं दुसऱ्या, तरी आपण बोलू शकतो. प्रत्येक सर्व्हरचा ॲडमिन वेगळा, नियम वेगळे. सगळ्यांवर एक मालक नाही.

मग त्रास देणाऱ्याला बाहेर कोण काढणार? याची मोठी परीक्षा आपली मंडळी तिथं पोचायच्या चार महिने आधीच झाली होती.

गॅब नावाचं एक अमेरिकन नेटवर्क आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ जणांना ठार मारणाऱ्यानं हल्ल्याच्या जरा आधी गॅबवरच पोस्ट टाकली होती. ॲपलनं गॅबचं ॲप घेतलंच नव्हतं, गूगलनं २०१७ मध्ये काढून टाकलं होतं. जुलै २०१९ मध्ये गॅबनं शक्कल लढवली. मास्टोडॉनचाच कोड उचलून त्यावर आपली साइट उभी केली. म्हणजे आता मास्टोडॉनसाठी बनलेल्या ॲपमधून गॅबवर जाता येणार!

रोचकोला हे पटलं नव्हतं, पण तो अडवू शकत नव्हता. कोड ओपन सोर्स, लायसन्सनुसार कुणीही वापरावा. मी स्वतः रोज अशाच कोडवर पोट भरतो, त्यामुळे ही अडचण मला चांगली कळते. 'चांगल्या माणसांनीच वापरा' अशी अट त्यात नसते.

अडवलं ते शेजाऱ्यांनी. एकामागून एक सर्व्हरनी गॅबचं डोमेन ब्लॉक केलं. याला डीफेडरेट करणं म्हणतात. टस्की या अँड्रॉइड ॲपनं तर कमाल केली. त्यातून गॅबला लॉगिन करायला जावं, तर समोर रिक ॲस्टलीचं गाणं सुरू! गॅब बंद पडलं नाही. तिथले लोक आपल्या आवारात बोलत राहिले, फक्त त्यांचं बोलणं दुसऱ्यांच्या घरात शिरेना. २०२० मध्ये गॅबनं इतरांशी जोडून घेणंच सोडून दिलं.

ऐकायला हे वाळीत टाकल्यासारखं वाटतं ना? फरक एवढाच की इथं कुणाचं घर किंवा पाणी तोडलं जात नाही. 'आमच्या दारात नको' एवढंच सांगितलं जातं. पण हत्यार तेच आहे, चुकीच्या हातात गेलं तर तसंच लागेल, हे विसरायला नको.

आणि गोष्ट इथं गोड संपत नाही. प्लेव्हिशस नावाचा सर्व्हर कृष्णवर्णीय मंडळी चालवत होती. वंशद्वेषी छळ सोसून शेवटी २०२० मध्ये तो बंद झाला. ब्लॉकचं बटण त्यांच्याकडेही होतं. पण ब्लॉक करायला आधी शिवी वाचावी लागते. नवा सर्व्हर काढायला फार वेळ लागत नाही, म्हणजे रोज नवी शिवी. आणि ती वाचायचं काम बहुतेक वेळा बिनपगारी, ज्याला शिवी दिली त्याच्याचकडे.

म्हणून मला वाटतं, सुरक्षित जागा कोडमुळे तयार होत नाही. रोज कुणीतरी दाराशी बसतं म्हणून ती टिकते. ट्विटरवर तो माणूस आपल्याला दिसत नव्हता, चुकला तरी जाब विचारता येत नव्हता. इथं तो दिसतो, पण थकतोही.

तेव्हा सर्व्हर निवडताना नाव आणि लोगो बघून भुलू नका. नियम वाचा, ॲडमिन किती जण आहेत ते बघा. आणि सर्व्हर आवडला, तर त्यांना विचारा, रात्रपाळीला माणूस हवाय का?

भेटूया पुढच्या भागात!