धरण शेतीसाठी, पाणी कारखान्याला! सिंचनाचं पाणी उद्योगाकडे वळतं कसं?

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लागून नाचणगाव आहे. जवळून वर्धा नदी वाहते. मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरणात अडते, पुढे आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा धरणात अडते आणि मग पुलगावकडे येते. दोन्ही धरणं बांधताना मुख्य उद्देश सांगितला गेला तो सिंचनाचा. तरीही ऊर्ध्व वर्धाच्या पाण्याचा मोठा वाटा एका वीज प्रकल्पाला मिळाला. कसा?

नेमकं प्रकरण काय?

अमरावतीजवळच्या नांदगावपेठ एमआयडीसीत इंडियाबुल्स समूहाचा कोळशावरचा वीज प्रकल्प आला. लोक त्याला आजही ‘सोफिया’ म्हणतात. नंतर तो रतनइंडिया नावाने ओळखला जाऊ लागला. पहिल्या टप्प्याची क्षमता १,३५० मेगावॉट.

या प्रकल्पासाठी २००८ मध्ये ऊर्ध्व वर्धा धरणातून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं. म्हणजे दररोज २४ कोटी लिटर. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर आहे. त्यातला साधारण साडेपंधरा टक्के वाटा एका प्रकल्पाच्या नावावर गेला. यामुळे सुमारे २३ हजार हेक्टरचं सिंचन कमी होईल, असा हिशेब होता.

विशेष म्हणजे शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये विदर्भासाठी पंतप्रधान पॅकेज जाहीर झालं, त्यातला मोठा निधी रखडलेल्या सिंचन प्रकल्पांसाठी होता आणि ऊर्ध्व वर्धा त्यातच होतं. त्यामुळे अमरावतीत मोठं आंदोलन झालं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. तरीही प्रकल्प उभा राहिला.

शेतकऱ्याचा पाण्यावर हक्क असतो का?

खरी गोम इथेच आहे. जमिनीची मालकी सातबाऱ्यावर दिसते, पण कालव्याच्या पाण्याची मालकी कुठेच दिसत नाही. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ नुसार लाभक्षेत्रातला शेतकरी हंगामापुरता पाणी मागणी अर्ज भरतो, मंजुरी घेतो आणि पाणीपट्टी भरतो. वीस वर्षं कालव्यावर गहू-हरभरा घेतला, तरी पुढच्या रब्बीचं पाणी त्याच्या नावावर होत नाही.

२००५ मध्ये दोन नवे कायदे आले. एकाने पाणी वापर संस्थांना पाणी मोजून देण्याची सोय केली. दुसऱ्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केलं आणि ‘हक्कदारी’ हा शब्द आणला. पण हक्कदारी म्हणजे मालकी नव्हे, ठरलेलं पाणी वापरण्याची परवानगी.

मग पाणी वळवलं कुणी?

२००३ च्या राज्य जलनीतीत प्राधान्यक्रम असा होता: आधी पिण्याचं पाणी, मग उद्योग, मग शेती. त्याच काळात जलसंपदा मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची उच्चाधिकार समिती धरणांचं पाणी बिगर-सिंचन वापराला मंजूर करत होती. प्राधिकरण आल्यावरही हे सुरूच राहिलं. यात लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचं म्हणणं ऐकणं बंधनकारक नव्हतं.

या मंजुऱ्यांना आव्हान मिळू लागल्यावर सरकारने आधी २०१० मध्ये अध्यादेश काढला आणि २०११ मध्ये कायदाच दुरुस्त केला. शेती, उद्योग आणि पिण्याच्या पाण्याचे वाटे ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि समितीचे आधीचे निर्णय वैध ठरले. त्याच वर्षी जलनीतीत शेतीला उद्योगाच्या वर आणलं गेलं. म्हणजे शेतीचा नंबर वर आला, पण आधी गेलेलं पाणी परत आलं नाही.

भरपाई मिळते ना?

मिळते, पण शेतकऱ्याला नाही. कमी झालेलं सिंचन दुसरीकडे उभं करण्यासाठी कंपनीने सरकारला ‘सिंचन पुनर्स्थापना खर्च’ द्यायचा असतो. सोफियासाठी ही रक्कम हेक्टरी १ लाखाप्रमाणे सुमारे २३२ कोटी रुपये होती. या पैशातून दुसऱ्या ठिकाणी सिंचन झालं, तरी ज्याच्या चारीला पाणी कमी आलं त्याच्या हाती काहीच पडत नाही.

इतर ठिकाणी काय होतं?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातही शेतीचं पाणी उद्योगाकडे आणि शहरांकडे जातं. पण तिथे पाणीहक्क ही मालमत्ता आहे. शेतकरी ती विकू शकतो. वापर बदलायचा तर जल न्यायालयात जावं लागतं. पिकांनी आजवर प्रत्यक्षात जेवढं पाणी शोषलं तेवढंच हस्तांतरित होतं आणि इतर हक्कदारांचं नुकसान होता कामा नये, ही अट असते. या पद्धतीतही अडचणी आहेत. पाणी विकलं गेल्यावर गावंच्या गावं कोरडी पडल्याची उदाहरणं तिथे आहेत. पण निर्णय उघडपणे होतो आणि शेजाऱ्याला हरकत घेता येते.

उद्योगाला दुसरा पर्याय आहे का?

आहे, आणि तो विदर्भातच आहे. नागपूर शहराचं सांडपाणी प्रक्रिया करून महानिर्मितीच्या कोराडी वीज केंद्राला दिलं जातं. २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणानुसार, सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी असं पाणी वापरणं अपेक्षित आहे.

वर्धा काठच्या शेतकऱ्याने काय लक्षात ठेवावं?

२०११ च्या दुरुस्तीनंतर हक्कदारीच्या तरतुदींचा आधार मुख्यतः तिथेच उरला, जिथे २००५ च्या कायद्याखाली पाणी वापर संस्थांचं क्षेत्र आणि हक्क ठरवून दिले आहेत. म्हणून आपली चारी कोणत्या संस्थेत येते, तिची नोंदणी झाली आहे का, तिचा पाणी कोटा लेखी ठरला आहे का, हे तपासणं गरजेचं आहे. कारण जो वाटा कागदावरच नाही, तो कमी झाला हे सिद्ध कसं करणार?